जपानीच्या वर्गात चित्रपट दाखवावा का, आणि दाखवावा तर किती?

जपानीची शिक्षिका, पुणे (प्रश्न)

नमस्कार. मी गेली नऊ वर्षे पुण्यात जपानी शिकवते. सध्याच्या एन-४ च्या (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेतल्या पाच पातळ्यांपैकी खालून दुसरीच्या) बॅचमध्ये सोळा जण आहेत. बहुतेक महाविद्यालयातले किंवा संगणक कंपन्यांत नोकरी करणारे आहेत, आणि दोन निवृत्त गृहस्थ आहेत, ज्यांनी आपण परीक्षा देणार नाही असे पहिल्याच दिवशी बजावले आहे. कांजी (जपानीतली चिनी मूळची अक्षरे) आणि व्याकरण यांची गाडी रुळावर आहे. अडचण वेगळीच आहे. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसल्यामुळे विद्यार्थी वाक्य ओळखायला शिकतात, पण ते वाक्य कोण कोणाला आणि कोणत्या वेळी म्हणतो याचा त्यांना पत्ता नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी मागच्या महिन्यात एका रविवारी मी जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा १९५३ चा 'तोक्यो मोनोगातारी' अख्खा, इंग्रजी सबटायटलसह, सव्वादोन तास दाखवला.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. ओनोमिची या गावातले वृद्ध जोडपे तोक्योत राहणाऱ्या मुलांकडे येते. थोरला मुलगा डॉक्टर आहे, मुलगी केशभूषेचे दुकान चालवते आणि दोघांनाही वेळ नाही. आईवडिलांची सोय आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी लावून दिली जाते. त्यांची मनापासून विचारपूस करते ती नोरिको, म्हणजे युद्धात गेलेल्या मुलाची विधवा. गावी परतल्यावर आईचे निधन होते.

चित्रपट संपल्यावर मी चर्चा ठेवली आणि तिथेच सगळे बिनसले. पहिले मत आले की जपानी मुले आईवडिलांना विचारत नाहीत. दुसरे आले की आपल्याकडे असे होत नाही. (त्यावर मागच्या बाकावरचे निवृत्त गृहस्थ मोठ्याने हसले, एवढाच काय तो दिलासा.) दुकानातल्या गिऱ्हाइकाला मुलगी स्वतःच्या आईवडिलांची ओळख 'गावाकडचे ओळखीचे लोक' अशी करून देते, त्या एका प्रसंगावर वीस मिनिटे गेली. भाषेबद्दल मात्र एकही प्रश्न कोणी विचारला नाही. म्हणजे चित्रपटाआधी त्यांचे जपानी माणसांबद्दल काही मत नव्हते, आणि आता आहे ते असे आहे.

असे अनुभव इतरांना आले आहेत का? चित्रपटाचा नाद सोडावा, की माझी दाखवण्याची पद्धत चुकली?

निवृत्त शिक्षिका, डोंबिवली

ताई, तुमच्या विद्यार्थ्यांनी जो निवाडा दिला, तो त्या चित्रपटातच एक पात्र देऊन मोकळे झालेले आहे, आणि त्याला तिथेच उत्तरही मिळालेले आहे. अंत्यसंस्कार उरकून थोरली भावंडे लगबगीने परत जातात, आणि तेवढ्या वेळात मुलीने आईचे कपडे आठवण म्हणून मागूनही घेतलेले असतात. त्यानंतर धाकटी क्योको चिडून नोरिकोपाशी त्यांच्या स्वार्थीपणाबद्दल बोलते. नोरिको तिला समजावते की मुले मोठी झाली की त्यांचे स्वतःचे आयुष्य सुरू होते, आपण तसे होऊ नये असे वाटले तरी होतो. मी तुमच्या जागी असते तर आधी कथा तोंडी सांगून फक्त तो काही मिनिटांचा संवाद दाखवला असता. मग 'जपानी मुले अशी असतात' असे म्हणणाऱ्याला विचारता येते की क्योको जपानी नाही का, आणि नोरिको कोण आहे?

त्याच संवादात भाषेचा एक धागा आहे. क्योको नोरिकोला 'ओनेएसान' म्हणते. सख्ख्या थोरल्या बहिणीला आणि भावाच्या बायकोला हाक मारायला जपानीत हा एकच शब्द चालतो. मराठीत ताई आणि वहिनी अशा दोन वेगळ्या खोल्या आहेत. सबटायटलमध्ये इंग्रजी माणूस बहुधा नुसते नाव घालतो आणि नाते गळून पडते. शिवाय १९४७ साली जपानच्या नागरी कायद्यात सुधारणा होऊन 'इए' म्हणजे घराण्याची कायदेशीर चौकट रद्द झाली होती, हे ठाऊक असले की सून सासूसासऱ्यांसाठी धडपडते आणि पोटची मुले घड्याळाकडे पाहतात, या मांडणीत १९५३ सालच्या प्रेक्षकाला काय बोचले असेल याचा अंदाज येतो. हा चित्रपट नुकत्याच हललेल्या घराबद्दल आहे. तो सर्वकाळच्या जपानबद्दल नाही.

आता पद्धतीविषयी. एन-४ साठी मी ओझूंचाच 'ओहायो' म्हणजे 'सुप्रभात' (१९५९) निवडते. तो दीड तासाचा आहे, रंगीत आहे आणि त्याचा विषयच मुळी 'नमस्कार-चमत्कार' हा आहे. दोन लहान भावांना घरात दूरदर्शन संच हवा असतो. वडील ओरडतात की फार बडबड करू नका, तेव्हा थोरला उलट विचारतो की मोठी माणसे तरी दुसरे काय करतात? दिवसभर 'सुप्रभात', 'हवा छान आहे', 'कुठे निघालात', 'इथेच जरा', 'अस्सं का', एवढेच तर चालते. मग दोघे भाऊ मौन धरतात. शेजारणीला ते अभिवादन न करता निघून जातात तेव्हा तिचा समज होतो की त्यांची आई आपल्यावर रागावली आहे. आधीच आळीत महिला मंडळाच्या वर्गणीवरून कुजबुज झालेली असते. चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

'दोचिरा ए?' आणि 'चोत्तो सोको मादे' या दोन वाक्यांवर मी आजवर सर्वांत जास्त वेळ घालवला असेल. पुस्तकात त्यांचा अर्थ 'कोठे जात आहात?' आणि 'थोडे तिथपर्यंत' असा दिलेला असतो, आणि मुले विचारतात की हे उत्तर झाले का? उत्तर नाहीच ते. पिशवी घेऊन जिना उतरताना शेजारचे काका 'काय, कुठे निघालात?' असे विचारतात आणि आपण 'इथेच जरा' म्हणून पुढे होतो, तेव्हा काकांना पत्ता नको असतो आणि आपणही तो देत नाही. दोघांनी एकमेकांची दखल घेतली, काम झाले. तसेच 'इत्तेकिमासु'चे. इंग्रजी पुस्तक त्याचे 'मी निघतो' असे करते. शब्दशः पाहिले तर ते आपले 'जाऊन येतो' आहे. 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे ज्याला आजीने शिकवले आहे त्याला हा शब्द इंग्रजीच्या वाटेने का शिकवायचा?

दाखवण्याची माझी रीत अशी: तीन ते चार मिनिटांचा तुकडा, पहिल्यांदा आवाज बंद करून. कोण कुठे बसले, कोणी चपला कुठे काढल्या, कोण आधी वाकले, दार सरकवून शेजारीण आत आली ती कुठपर्यंत आली, एवढेच लिहायचे. ओझूंचा कॅमेरा जमिनीलगत असतो, त्यामुळे बसण्याउठण्याचे सगळे नीट दिसते. दुसऱ्यांदा आवाज, पण सबटायटल नाही. शेवटी विद्यार्थ्यांनी स्वतः मराठी सबटायटल लिहायचे. इथे खरी मजा येते, कारण मराठीत लिहायला बसले की 'तू' की 'तुम्ही' हे ठरवल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही, आणि ते ठरवायचे तर कोणाचे वय काय, मान काय, कोण कोणाच्या घरी आले आहे हे सगळे पाहावे लागते. बायको नवऱ्याला 'आनाता' म्हणते तिथे माझ्या प्रत्येक बॅचने आपापले 'अहो' लिहिले आहे, आणि दरवेळी एखादी मुलगी आक्षेप घेते की माझी आई नावाने हाक मारते. घेऊ द्यावा. तो आक्षेप फार उपयोगी पडतो.

अभियंता, सध्या नागोया

वरचे उत्तर वाचून आनंद झाला, तरी एक विरोधी सूर लावतो. मी पुण्यातच शिकलो आणि चित्रपटांपेक्षाही अॅनिमेवर (जपानी अॅनिमेशनवर) जास्त पोसलो. परिणाम असा की येथे रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी स्वतःसाठी 'ओरे' हे मित्रांमध्येच शोभणारे रांगडे सर्वनाम वापरले, तेही माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या सहकाऱ्यासमोर. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते हसणे काय होते, हे मला सहा महिन्यांनी कळले.

यामागे नुसता माझा बावळटपणा नाही. पडद्यावरची जपानी भाषा हा एक स्वतंत्र प्रकार आहे. सातोशी किन्सुई या भाषाशास्त्रज्ञांनी त्याला 'याकुवारिगो' म्हणजे भूमिकेची भाषा असे नाव दिले आणि २००३ साली त्यावर पुस्तक लिहिले. म्हातारा शास्त्रज्ञ स्वतःला 'वाशी' म्हणणार आणि वाक्य 'जा' ने संपवणार, श्रीमंत घरची कन्या एका ठरावीक लकबीत बोलणार, हे प्रेक्षकाला पात्र ओळखता यावे म्हणून असते. प्रत्यक्षात माझ्या कारखान्यातले कोणतेही आजोबा तसे बोलत नाहीत. आपल्या चित्रपटांतला पाटील जसा बोलतो तसा खरा पाटील बोलत नाही, तसेच हे. ओझूंची पात्रे अॅनिमेइतकी भडक नाहीत हे मान्य, पण सत्तर वर्षांपूर्वीच्या गृहिणीची वाक्य संपवण्याची लकब एन-४ च्या मुलाने उचलली तर आज ती कानाला विचित्र लागेल. तेव्हा तुकडा दाखवताना 'हे समजून घ्या' आणि 'हे बोला' असे दोन भाग स्पष्ट वेगळे ठेवावेत, ही विनंती.

दुसरा मुद्दा मराठी साम्याचा. 'जाऊन येतो' आणि 'अहो' इथपर्यंत साम्य हात धरून नेते. पुढे ते सोडून देते, आणि नेमके तिथेच नोकरीत लागते. ग्राहकाचा फोन आला आणि आपले साहेब जागेवर नसतील तर आपण मराठीत काय म्हणतो? 'आमचे साहेब बाहेर गेले आहेत.' आदरार्थी बहुवचन आपोआप येते. 'साहेब बाहेर गेला आहे' असे म्हणण्याची कल्पनाही करवत नाही. जपानीत त्या जागी साहेबांच्या आडनावापुढचा 'सान' हा आदराचा प्रत्यय काढून टाकावा लागतो आणि क्रियापदही स्वतःकडे कमीपणा घेणारे वापरावे लागते, कारण ग्राहकासमोर साहेब आणि मी एकाच घरातले, 'उची', आणि ग्राहक बाहेरचा, 'सोतो'. आपला मान माणसाला चिकटलेला असतो आणि त्यांचा मान ऐकणारा कोण त्यावर हलतो. मला नियम पाठ होता. तरीही साहेबांचे नुसते आडनाव घेताना पहिले वर्षभर जीभ अडखळत असे. मराठीत जे सापडते तेवढेच शिकवले, तर विद्यार्थ्याला जपानी माणूस म्हणजे किमोनोतला मराठी माणूस वाटू लागेल.

आणि गंमत म्हणजे, ताईंच्या वर्गाला खटकलेला तो दुकानातला प्रसंग याच्याशी जोडून दाखवता येईल. ती मुलगी गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या माणसांना खाली ठेवते, तिथवर रीत आहे. पण त्यांना नात्यातूनच काढून टाकते, ते रीतीत बसत नाही. ती रीत कुठे संपते आणि लाज कुठे सुरू होते हे विद्यार्थ्यांना विचारावे.

जपानीची शिक्षिका, पुणे

हा शेवटचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. वीस मिनिटे त्या प्रसंगावर गेली ती वाया गेली असे मी लिहिले, पण हातात होते ते मीच ओळखले नाही.

शिक्षिका, नागपूर

मी थोडा जड विषय आणते. माझ्या एन-३ च्या वर्गात मी 'ओकुरिबितो' (२००८) मधला एक प्रसंग घेते. २००९ साली परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळालेला हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. वादकाची नोकरी गेल्यावर नायक यामागाता प्रांतातल्या आपल्या गावी परततो. 'प्रवासात मदत' अशा अर्थाची जाहिरात वाचून पर्यटनाचे काम समजून जातो, आणि ते निघते मृतदेहाला स्नान घालून, कपडे चढवून शवपेटीत ठेवण्याचे. बायकोपासून तो हे लपवतो. तिला कळते तेव्हा ती त्याला स्पर्शही करू देत नाही आणि एकच शब्द उच्चारते: 'केगारावाशी'.

या शब्दाचे मराठी सबटायटल लिहायला दिले की वर्ग शांत होतो. 'घाणेरडा' म्हणावे तर ती अंगाच्या मळाबद्दल बोलत नाही. 'किळसवाणा' जवळ येतो, पण पुरत नाही. मग कोणीतरी हळूच 'विटाळ' म्हणते. जपानीतल्या 'केगारे' या कल्पनेला इतका नेमका शब्द इंग्रजीत मला मिळालेला नाही, आणि आपल्याकडे तो घरोघर आहे. स्मशानातून आल्यावर आपण आंघोळ करतो, कित्येक घरांत कडुलिंबाचे पान चावतात. तिकडे अंत्यविधीहून परतताना अंगावर मीठ शिंपडतात. ताटातल्या भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत, एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याने घास घेऊ नये, हे पुस्तकात नुसते शिष्टाचार म्हणून येते. पहिले मृतासमोर ठेवलेल्या भाताचे आणि दुसरे दहनानंतर अस्थी उचलण्याच्या रीतीचे स्मरण आहे हे कळले की पुन्हा सांगावे लागत नाही.

पण या साम्याला दुसरी बाजू आहे आणि ती मी एकदा चुकीची हाताळली. मृतदेह, कातडे, कत्तल ही कामे ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या लादली गेली, त्यांना जपानमध्येही वस्तीबाहेर ठेवले गेले. १८७१ च्या सरकारी फर्मानाने त्यांचा हीन दर्जा कायद्यातून काढला, तरी लग्नात आणि नोकरीत तो पुढे पाहिला जात राहिला. चित्रपट हे नाव घेऊन सांगत नाही. पण बायकोच्या त्या शब्दामागे ते उभे आहे असे मला वाटते. हे समजावताना मी वर्गाला विचारून बसले की तुमच्या घरी असा अनुभव कोणाला आहे का. काही जण उत्साहाने आजीच्या सोवळ्याच्या गमती सांगू लागले. दोन विद्यार्थी वहीत पाहत राहिले. विटाळाची आठवण वर्गातल्या सगळ्यांना एकाच बाजूने नसते, हे नागपुरात राहून मला आधी सुचायला हवे होते. त्यानंतर मी वैयक्तिक अनुभव विचारत नाही. शब्दावर चर्चा करते, पात्राने तो का वापरला असेल ते प्रत्येकाला लिहायला सांगते आणि लिहिलेले फक्त मी वाचते.

नागोयाच्या मित्रांनी किमोनोतल्या मराठी माणसाचा धोका सांगितला, त्यावर माझा एक साधा उपाय आहे. साम्य सांगितले की त्याच तासाला अपवाद सांगायचा. मिठाचेच पाहा: जोदो शिन्शू हा जपानमधल्या मोठ्या बौद्ध पंथांपैकी एक आहे आणि तो मृत्यूला अशुद्ध मानत नाही, म्हणून हे मीठही मानत नाही. एवढे कळले तरी 'जपानी लोक असे करतात' हे वाक्य विद्यार्थी जरा जपून वापरतो.

ग्रंथपाल, नाशिक

विषयाला धरून पण थोडे बाजूचे लिहितो. वर्गात चित्रपट दाखवण्याच्या परवानगीबद्दल आमच्याकडे शिक्षक वारंवार विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला तिच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवण्याची मोकळीक आहे, मात्र प्रेक्षक शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढेच असावेत. घरगुती वापरासाठी घेतलेल्या ऑनलाइन सेवेच्या अटी ही वेगळी गोष्ट आहे. त्या वाचून घ्याव्यात आणि शक्यतो संस्थेच्या नावाने डीव्हीडी घ्यावी.

जपानीची शिक्षिका, पुणे

सर्वांचे आभार. काल 'ओहायो'मधला तो भांडणाचा तुकडा घेतला, आधी मूक, मग आवाजासह, साडेतीन मिनिटे. मूक पाहताना एकाने लिहिले की वडील ओरडताना उठत नाहीत, बसूनच ओरडतात. हे मी आजवर पाहिले नव्हते. फळ्यावर दोन रकाने केले, एक 'समजायचे' आणि दुसरा 'बोलायचे', आणि मुलाची उर्मट वाक्ये पहिल्यात टाकली. ती दुसऱ्या रकान्यात टाका म्हणून विद्यार्थ्यांनी बराच आग्रह धरला.

सबटायटलमध्ये 'चोत्तो सोको मादे'साठी सोळांपैकी अकरा जणांनी 'इथेच जरा' किंवा त्याच्याच जवळपासचे काही लिहिले. निवृत्त गृहस्थांपैकी एकांनी 'जाऊन येतो इथेच कोपऱ्यावर' असे लिहिले आणि ते किती पुणेरी आहे यावर दुसऱ्यांशी वाद घातला. मात्र माण तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने सरळ सांगितले की आमच्या गावात असे उत्तर दिले तर माणूस काहीतरी लपवतोय असे समजतात; तिथे बाजारला, दवाखान्यात, बहिणीकडे, काय असेल ते सांगावे लागते आणि विचारणाऱ्यालाही ते खरोखर हवे असते. वर्गातल्या 'आपल्याकडे'चे तिथेच दोन तुकडे झाले. मग तिनेच विचारले की हा चित्रपट तोक्योच्या उपनगरातला आहे, तर जपानच्या खेड्यात 'इथेच जरा' चालते का?

मला सांगता आले नाही. नागोयाचे मित्र, तुमच्या कारखान्यातल्या त्या आजोबांपैकी कोणी खेड्यातून आलेले असतील तर त्यांना विचाराल का? पुढच्या रविवारपर्यंत उत्तर मिळाले तर तिच्याच हाती देईन.